तिसरा प्रश्न

"पूर्वी घेतलेला बाप्तिस्मा खोटा होता, हे मान्य करता?"

पास्टर संजीव यांनी तिसरा प्रश्न विचारला. मनोहर छातीभर पाण्यात उभा होता. पहिल्या दोन प्रश्नांना तो चटकन हो म्हणाला होता. या तिसऱ्याबद्दल त्याला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या या कॉन्डो सोसायटीचा पूल पाच वाजेपर्यंतच मिळाला होता. पावणेपाच वाजून गेले होते. पांढऱ्या झग्यावरून सिक्युरिटीवाल्याशी वीस मिनिटं हुज्जत झाली होती. "अंकल, स्विमिंग कॉश्च्यूम ओन्ली, लाह," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी अठ्ठावन्न वर्षांचा मनोहर कुणाच्या तरी मुलाचा पोहायचा निळा शर्ट पोटावर ताणून पाण्यात उतरला. काठावर मंडळीतली नऊ मराठी माणसं उभी होती. पलीकडे पोरं धबाधब उड्या मारत होती.

"भाऊ, मोठ्याने बोला. साक्षीदारांना ऐकू आलं पाहिजे."

मनोहरला सगळ्याचाच वीट आला होता. भांडण तरी कुठलं? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, तंबू ठोकून भरवलेल्या एका सभेत कुणीतरी उठून म्हणालं, प्रेषित फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देत होते, मग आपण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं का म्हणतो? झालं. नुकत्याच उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीची तीन वर्षांत शकलं झाली. बाप्तिस्मा झालेली माणसं पुन्हा पाण्यात उतरली. बाकीच्यांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली. ते भांडण समुद्र ओलांडून पुण्यापर्यंत आलं आणि पुण्याच्या माणसांबरोबर सिंगापूरला पोचलं. दोन वर्षांपूर्वी इथली बावीस मराठी माणसंही फुटली. येशूच्या नावाचे वुडलँड्सला, तीन नावांचे टॅम्पिनीसला.

मनोहर वुडलँड्सचा. नुसता सभासद नाही, शिकवणारा. त्याची बायको नीता टॅम्पिनीसची. दर रविवारी दोघं बिशान स्टेशनपर्यंत बरोबर चालत जायची आणि दोन दिशांच्या गाड्या पकडायची.

एकतीस वर्षं त्याने तिला समजावलं. वचनं काढून दाखवली. तुझा बाप्तिस्मा चालत नाही, पुन्हा घे, म्हणून मागे लागला. ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "एकदा धुतलेलं पातळ किती वेळा धुवायचं? रंग जाईल त्याचा."

पाच महिन्यांपूर्वी नीता गेली. कॅन्सरचं निदान झाल्यापासून सातव्या महिन्यात.

त्यानंतर मनोहरला शिकवता येईना. बायबल उघडलं की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. ज्याचा बाप्तिस्मा येशूच्या नावाने झाला नाही, तो स्वर्गाच्या दाराच्या आत नाही. हे तो भरसभेत बोलला होता. मंडळी एक होती तेव्हा नीता मागच्या रांगेत बसून ते ऐकायची, आणि घरी आल्यावर त्याला जेवायला वाढायची.

शेवटी त्याने पास्टर संजीवना फोन केला. ते हरखून गेले. वुडलँड्सचा शिक्षकच आपल्याकडे येतोय! तासाभरात टॅम्पिनीसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सत्याचा विजय' झळकला.

"काय झालं भाऊ? सोपा प्रश्न आहे."

"मान्य नाही," मनोहर म्हणाला.

काठावर कुजबुज झाली. पास्टर संजीव यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग आलात कशाला?"

"तुमचं खरं की आमचं, मला माहीत नाही. आता पर्वाही नाही. पण आमचं खरं असेल तर नीता बाहेर आहे आणि मी आत. मी एकटा आत बसून काय करू? तिला जसं बुडवलं तसं मला बुडवा. ती असेल तिथे जाईन. फक्त मला खोटं बोलायला लावू नका."

"हा काय डिपेंडन्ट पासचा व्हिसा आहे, भाऊ? बायकोच्या नावावर मिळायला?"

कुणीतरी हसलं. मनोहर वळला आणि पायऱ्यांकडे निघाला. पाण्यातून भराभर चालताही येईना.

पायऱ्यांशी जाई टॉवेल घेऊन उभी होती. नीताची याच मंडळीतली तरुण मैत्रीण. हा पूल तिच्याच नावावर घेतला होता.

"काका, काकू आत आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही शिकवता तसं म्हणतेय. निदान झालं ना, त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही दोघी पलीकडे मलेशियात, जोहोरला गेलो होतो. खरेदीला म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. तिथे तुमच्या शिकवणीची मंडळी आहे. काकूंनी येशूच्या नावाने बाप्तिस्मा घेतला. मी तिथेच होते."

"जाई!" मागून पास्टर संजीव ओरडले.

"मला नंतर रागवा, पास्टर."

मनोहरने कठडा धरला. "तिला पटलं नव्हतं ते. शेवटपर्यंत."

"नव्हतंच पटलं. म्हणाल्या, 'ह्यांचं खरं निघालं तर हे तिकडे एकटे पडतील. ह्यांना साधा चहा येत नाही गं.'"

"तिथल्या लोकांनीही विचारलं असेल की. पहिला बाप्तिस्मा खोटा का म्हणून."

"विचारलं ना. काकू सरळ हो म्हणाल्या."

मनोहर शेवटच्या पायरीवर बसला. पाणी कमरेपर्यंत होतं. सिक्युरिटीवाला शिट्टी वाजवत आला, पाच वाजले म्हणून. कुणी हललं नाही.

"मग मला का नाही सांगितलं?"

जाईने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला.

"मीही हेच विचारलं. तर म्हणाल्या, 'वेडी आहेस का? एकतीस वर्षांनी जिंकलो म्हणून गावभर सांगत सुटतील.'"