सोडवणूक

"हलू नको वं! फकस्त मान वर ठेव," रीता ओरडली.

करिष्माची मान वर होती ती रीताने तिला धरून ठेवलं होतं म्हणून. नदीच्या तळाशी दोन खडकांच्या फटीत करिष्माचा पाय बुटासकट अडकला होता आणि मागून येणारं पाणी तिला कमरेत वाकवून पुढे पाडू पाहत होतं. रीता तिच्या समोर दगडाला पाय रोवून, तिच्या काखांत हात घालून उभी होती.

भामरागडच्या वर नदी जिथं खडकांतून फेसाळत उतरते, तिथं त्यांचा राफ्ट उलटला होता. सकाळी वाळूवरच्या तंबूपाशी चहा झाला तेव्हा करिष्मा सगळ्यात पुढे बसायचं म्हणून भांडली होती. तिसरा सोबती पियुष राफ्टबरोबर फरफटत जाऊन खाली पलीकडच्या काठाला लागला होता. त्याचा एक हात खांद्यातून लुळा लोंबत होता. दोर राफ्टमध्येच होता आणि राफ्ट कधीचा दिसेनासा झाला होता.

पियुष तिथून काहीतरी ओरडत होता. पाण्याच्या आवाजात शब्द पोहोचत नव्हते. मग त्याने ओरडणं सोडलं आणि नुसता नदीच्या वरच्या अंगाला हात दाखवू लागला.

रीताने पाहिलं. पाणी गढूळ होत चाललं होतं. वाळकी पानं येत होती, काटक्या येत होत्या, मग पाल्यासकट एक अख्खी फांदी आली. इथं मे महिन्याचं ऊन डोकं भाजत होतं, पण तिकडे छत्तीसगडच्या डोंगरांत अवकाळी कोसळला असणार. मघाशी करिष्माच्या छातीला लागणारं पाणी आता गळ्याशी आलं होतं.

"पाय निघून नाई राह्यला, रीता."

"निघते. निघते नं. थोडा दम धर."

"पियुष काऊन येत नाई?"

रीताने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. पियुष येऊ शकत नव्हता, आणि त्या काठाला दूरवर माणूस दिसत नव्हता. तिचे दंड आता तिचे राहिले नव्हते. थोड्या वेळाने ते आपोआप सुटणार, हे तिला कळत होतं. धरून ठेवलं तर दोघी इथंच. पाय मोकळा करायचा तर खाली बुडी मारायला हवी, आणि बुडी मारायची तर हात सोडायला हवेत. हात सुटले की करिष्माचं तोंड पाण्यात.

"करिष्मा, ऐक. मी खाली जाऊन राह्यली. बूट सोडवतो."

"नको."

"दुसरा इलाज नाई."

"नको नं वं! सोडू नको मले!"

रीताने एका हाताने आपलं लाइफ जॅकेट ओरबाडून काढलं आणि करिष्माच्या हनुवटीखाली कोंबलं. कुरखेड्याच्या बोडीत, गावाबाहेरच्या लहान तळ्यात, ती पोहायला शिकली होती, पण ते पाणी जागचं हलत नसे. तिने श्वास भरला. हात सोडले.

खाली काहीच दिसत नव्हतं. चाचपडत बूट सापडला. नाडीची दुहेरी गाठ पाण्याने फुगून दगडासारखी झाली होती. नखं उलटली, गाठ हलली नाही. ती वर आली तेव्हा करिष्माचं डोकं पाण्याखाली होतं. हनुवटीखालचं जॅकेट वाहून गेलं होतं. रीताने केस धरून तिला उचललं. करिष्मा खोकली, ओकली, आणि तिने रीताचा दंड दोन्ही हातांनी असा पकडला की नखं मांसात रुतली.

"परत नको जाऊ. रीता, तुह्या पाया पडतो. परत नको जाऊ."

पाणी हनुवटीला आलं होतं.

"हात सोड."

करिष्मा सोडेना. रीताने तिच्या मनगटाला चावा घेतला. कडकडून, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. करिष्माची पकड सुटली. त्या क्षणी करिष्माच्या डोळ्यांत जे होतं, ते न पाहण्यासाठी रीता घाईने खाली गेली.

या वेळी तिने नाडीला हात लावला नाही. दोन्ही हातांनी घोटा धरला, खडकाला पाय लावले आणि जीव खाऊन, धारेच्या उलट अंगाला हिसका दिला. हातांतल्या घोट्यात काहीतरी कट्कन मोडल्याचं जाणवलं. तिने आणखी एक हिसका दिला. पाय बुटातून निघाला.

मग दोघी वाहत गेल्या. खडक, फेस, पुन्हा खडक. रीताच्या मुठीत करिष्माच्या अंगातल्या जॅकेटचा पट्टा होता. खाली पाणी पसरट झालं तिथं पियुष कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने धड असलेल्या हाताने दोघींना वाळूवर ओढलं.

करिष्मा कुशीवर पडून बराच वेळ पाणी ओकत होती. रीताने पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने तो झटकून टाकला.

"तू चावली मले," ती म्हणाली.

"हो."

 नदी वाळू खात वर येत होती. तंबू आता नदीच्या दुसऱ्या काठाला राहिला होता, रस्ता या काठच्या जंगलापलीकडे. करिष्माचा घोटा काळानिळा पडून भलतीकडेच वळला होता. पियुषने तिला उचलायला हात पुढे केला आणि स्वतःच कळवळून खाली बसला.

रीता करिष्माकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली.

"ये."

मागून कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग करिष्माचं ओलं अंग तिच्या पाठीवर आलं आणि दोन हात गळ्याभोवती पडले. रीता उठली, डगमगली, चालू लागली. मिठी इतकी घट्ट होती की तिला धड श्वास घेता येईना. झाडी सुरू झाली, चढ लागला, तरी तिने हात सैल कर म्हटलं नाही.