फ्लॅशचे सेल

"अजून थोडा उजेड वाढव," बायको मागून म्हणाली. "आईचं नाकसुद्धा दिसत नाहीये."

त्याने माउस सरकवला. काळोखातून आधी सोफा वर आला, मग बाबांचा पांढरा सदरा, मग आईंचा चेहरा. सगळं रवाळ, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं.

लोकांच्या लग्नांचे फोटो काढून संसार चालवणारा माणूस, आणि घरच्या फोटोची ही गत! सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता; बायकोला जाता आलं नव्हतं, तो एकटाच गेला होता. संध्याकाळी सगळे जमले, दोघं फोटोला बसले आणि नेमका फ्लॅश पेटेना. उघडून बघतो तर आत सेलच नाहीत. खोलीत दिवा एकच, कोपऱ्यातला, तोही मिणमिणता. "हलू नका, श्वाससुद्धा घेऊ नका," असं विनवत त्याने दोघांचा कसाबसा एक फोटो काढला. तेव्हा सगळे हसले होते. सासूबाई तर सगळ्यांत जास्त.

"आमचे फोटोवाले एक दिवस कॅमेराच घरी विसरून येतील बघा!"

महिनाभरात त्या गेल्या. यकृताचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. आणि तो अंधारा फोटो शेवटचा ठरला.

बाबांना भिंतीवर लावायला तोच हवा होता. मोतीबिंदूने अधू झालेले डोळे, म्हणून मोठा करून, उजळ करून हवा होता. "दोघांचा एकत्र असा दुसरा नाहीच रे अलीकडचा," एवढंच ते म्हणाले. चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं त्याला.

"सकाळी नवे सेल घातले होते गं मी," तो पुटपुटला.

"मग काय, पाय फुटले त्यांना?"

इतक्या वेळा हेच ऐकून त्याचा स्वतःवरचा विश्वासही उडाला होता. घातले असते तर असते ना आत! त्या दिवशी दारातच सासूबाईंनी त्याच्या हातून बॅग घेतली होती, "दमला असाल, मी ठेवते आत," म्हणून. इतकी माया करणारी बाई, आणि तिचा एक धड फोटो काढता आला नाही. आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"ट्यूब तरी लावायचीस."

"लावली होती. आईंनीच बंद केली. डोळ्यांत खुपते म्हणाल्या."

"आणि तू ऐकलंस? उजेडाचं तुला कळतं की तिला?"

काय चुकीचं बोलत होती ती?

"दोघं पिवळी पिवळी दिसतायत," ती जरा नरमून म्हणाली.

"त्या दिव्यामुळे. थांब, काढतो."

त्याने बाबांच्या सदऱ्यावर क्लिक केलं. सदरा पांढराशुभ्र झाला. मागची भिंत पांढरी झाली. बाबांचा चेहरा माणसात आला.

आई पिवळ्याच राहिल्या.

त्याने पुन्हा क्लिक केलं. मग भिंतीवर करून पाहिलं. काही फरक नाही. गाल पिवळे, कपाळ पिवळं, डोळ्यांतला पांढरा भागही हळदीसारखा. बायकोने त्याचा खांदा घट्ट धरला.

"रोज फोन करायचे रे मी," तिचा आवाज फाटला. "ठणठणीत आहे म्हणायची. रोज."

उगाच काहीतरी करायचं म्हणून त्याने उजेड आणखी वाढवला. फोटोच्या तळाशी, आईंच्या शालीच्या सावलीतला काळोख फिकट झाला आणि तिथे त्यांचा मांडीवरचा हात दिसू लागला.

"मूठ का आवळलीय तिने अशी?" बायको पुढे वाकली. "मोठं कर जरा."

त्याने मोठं केलं. बोटांच्या फटींतून सेलची चकचकीत टोकं दिसत होती.