टेनिसचे चार बॉल

"खुंट्याला बांधल्यासारखं वाटतंय रे," हॉलमधल्या स्टँडला जखडलेल्या सायकलवर बसून सुभान कुरकुरला. डोळे गेल्यापासून रस्ता बंदच झाला होता त्याचा.

"आज बघ, लेका!" त्याचा दोस्त दिगूनं स्टँडखाली एकावर एक दोन फळ्या घातल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये क्लबातून ढापलेले चार टेनिस बॉल.

पायडल मारताच सायकल डावी-उजवीकडे डुलायला लागली. सुभान दचकला, मग खुदकन हसला. दिगूनं वाऱ्यासाठी पंखा लावला, तोंडानंच ट्रकचा हॉर्न मारला. "आंबा घाट लागला! सांभाळ, पुढे म्हैस!"

"आला एकदाचा माथा!" म्हणत घामाघूम सुभान थांबला. "दिग्या, दरी कशी दिसतीय? सांग की."

अख्ख्या गल्लीला थापा मारणारा दिगू समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याला एक साधी थाप सुचेना.