माईकवरचा उखाणा

अंकिता हॉलच्या मागच्या दाराने निसटून अबोलीच्या गाडीत बसली, आणि त्याच वेळी पुढच्या फाटकातून तिच्या नवऱ्याची हाक आली, "आमच्या मंडळींनी अजून नाव घेतलं न्हाई!"

हॉलमधल्या बायकांनी माना वळवून महिला मंडळाच्या अध्यक्ष क्षमाताईंकडे पाहिलं. त्यांनी हातातलं कुंकवाचं तबक खाली ठेवलं.

घरी मार खाणाऱ्या बायकांना बाहेर काढायचं, हे त्यांच्या मंडळाचं काम. अंकिताचा नवरा वीरधवल तिला दवाखान्यातही एकटं सोडत नसे. हळदीकुंकवाला मात्र त्याने स्वतः मोटरसायकलवरून आणलं आणि फाटकाशी ठाण मांडलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. माईक तेवढा ठरलेला नव्हता, तो सवयीने आला होता. कराडात मंडळाचा कोणताही कार्यक्रम माईकशिवाय होत नसे, गुप्त कार्यक्रमसुद्धा. उखाणे अख्ख्या आळीला ऐकू जात होते.

"घ्याया सांगा की तिला! का मी येऊ आत?" फाटकाची कडी वाजली.

मागची गल्ली अरुंद. अबोलीची गाडी अजून मागंपुढंच करत होती.

"आवं ताई, कायतरी करा," मंडळातली मनुबाई कुजबुजली. "त्यो आत आला म्हंजी संपलंच."

क्षमाताईंनी माईक उचलला. सत्तावीस वर्षांच्या संसारात गंगाधररावांचं नावही त्यांनी आढेवेढे घेतल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. माईकला पदर दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"कृष्णेला मिळाली कोयना, पाणी झालं एक,
वीरधवलरावांचं नाव घेते जाधवांची लेक."

आवाज पन्नाशीचा, त्यात थरथरणारा, आणि उच्चार वाईच्या घाटावरचे. मग मनुबाईने टाळ्या पिटल्या. मग सगळ्यांनीच. थांबायचं कधी, ते कुणालाच कळेना.

मागे गाडीने गिअर बदलला. आवाज लांब गेला.

क्षमाताईंनी पडदा बोटभर सारला. वीरधवलचा हात कडीवरून मिशीवर आला होता. बायकोची वाट बघत थांबलेल्या शेजारच्या गाडीवाल्याला तो सांगत होता,

"आमची हाय ती. निस्त्या आवाजावरनं वळाकली म्या."