शनीवरची अक्काबाई

"मराठी विज्ञानकादंबरीचे दोनच कालखंड पडतात. 'शनीची कडी'च्या आधीचा आणि 'शनीची कडी'च्या नंतरचा," असं त्या कादंबरीचे लेखक कुंडलिक मास्तरांनी बारामतीतल्या एका शाळेच्या वाचनालयात जाहीर केलं, तेव्हा समोर बसलेल्या एकतीस मुलांपैकी सांगवीच्या अंजलीने हात वर केला.

"सर, दुसरा भाग एवढा बोअर का झालाय?"

ग्रंथपाल स्वरूपा मॅडमनी डोळे वटारले. पण पोरगी नववीतली होती. वटारलेल्या डोळ्यांची तिला सवय होती.

"पहिला आम्ही फाटेपर्यंत वाचला, सर. हा बघा, डिंकाने चिकटवलाय. दुसऱ्यात नुसता वायुदाब. अक्काबाई कुठंय?"

"कोण?" मास्तर म्हणाले.

मुलं खो खो हसली. सर गंमत करताहेत, असं त्यांना वाटलं.

"यानात स्वयंपाक करणारी अक्काबाई! भोंगा बंद होईना तेव्हा लाटण्याचे दोन टोले घालून त्याला गप्प करते ती. दुसऱ्या भागात तिचं नावच नाही. मेली का, सर?"

तेहतीस वर्षं विज्ञान शिकवताना उत्तर येत नसलं की मास्तर जे करायचे, तेच त्यांनी आत्ताही केलं. "चांगला प्रश्न आहे," म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं.

पाणी पिताना त्यांनी डोक्याला बराच ताण दिला. आपण कमांडर संदेश निर्माण केला होता. त्याचा संगणक निर्माण केला होता. लाटणं निर्माण केल्याचं काही आठवेना.

तेवढ्यात मुलांनी हात वर करून ठरावच करून टाकला. अक्काबाई असेल तर तिसरा भाग हवा, नसेल तर नको. स्वरूपा मॅडमनी तो कागदावर उतरवूनही घेतला.

हे मात्र गंभीर होतं. प्रकाशक रतनशेठनी मास्तरांना आधीच बजावलं होतं, "बारामतीची पोरं मागत असतील तर तिसरा छापू. नाहीतर आपल्या शनीला आतून कडी." तिसऱ्या भागाचं टिपण मास्तरांच्या पिशवीत होतं. निवृत्तीनंतर माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. मास्तरांचं तेच होतं.

परतीच्या इंदापूर गाडीत त्यांनी अंजलीकडून मागून आणलेली डिंकाची प्रत उघडली. स्वतःचं पुस्तक ते पहिल्यांदाच वाचत होते. छापून आलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुढे दिसायला लागल्यावर वाटलं, आपलंच तर आहे. हलवाई कुठं स्वतःचे पेढे खातो?

बेचाळिसाव्या पानावर अक्काबाई भेटली. ती कमांडर संदेशला दटावत होती, "आधी दोन घास खा. मग वाचव ती पृथ्वी." मास्तर एवढ्या मोठ्यानं हसले, की कंडक्टरने वळून बघितलं.

लासुर्णे आलं. वालचंदनगरला घरी जायचं, तर इथंच उतरायला हवं होतं. मास्तर उतरले नाहीत. अक्काबाई त्या वेळी शनीच्या कड्यांवर पापड वाळत घालत होती.

निमगाव केतकी येईपर्यंत त्यांची खात्री पटली, की आपण थोर आहोत. यातलं एक अक्षरही आठवत नव्हतं; पण प्रतिभा म्हणतात ती हीच. लिहिणाऱ्यालाही पत्ता लागू देत नाही.

मग दुसऱ्या भागाचं काय झालं? तेही आता उलगडलं. इंदापूरच्या दिपालीने टाइप करताना पानं गाळली होती! पुरावा सरळ होता. पहिला भाग आपण मोतीबिंदूच्या दिवसांत, अंदाजानेच लिहिला. तो तिने चार महिने बसून टाइप केला, प्रुफंही स्वतःच तपासली. दुसरा भाग ऑपरेशननंतर, नवा चष्मा लावून, छापल्यासारख्या अक्षरात लिहून दिला. तो बाईने नऊ दिवसांत उरकला. केवढी ही घाई! सगळी अक्काबाई हिच्या टेबलाखाली पडली असणार.

दिपालीचं टायपिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. मास्तर पायरी चढले, तेव्हा प्रिंटर नुसताच कुरकुरत होता. आतून तिच्या सासूचा आवाज आला, "दिपे, घाल की त्येला दोन टोले! बाबापुता करून ऐकतंय व्हय ते?"

दिपालीने टोले घातले. प्रिंटर सुरू झाला.

"या सर, बसा. लय दिसांनी येणं केलं."

"बसायला आलो नाही. दुसऱ्या भागाची राहिलेली पानं काढ."

"राहिली कुठं, सर? तुमी दोनशे सहा दिली, मी दोनशे सहा टाइप केली. एक ओळ हिकडची तिकडं केली न्हाय." तिने गठ्ठाच पुढ्यात ठेवला.

मास्तरांनी पानं मोजली. दोनशे सहा. प्रत्येक पानावर सुवाच्य, ठसठशीत वायुदाब.

"मग अक्काबाई गेली कुठं?" मास्तर ओरडले.

"हळू बोला, सर!" दिपालीने दचकून आतल्या दाराकडे बघितलं. मग स्टुलावर चढून तिने माळ्यावरून दुसरा गठ्ठा काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "ह्यो पहिला भाग. वाचा बरं."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. कागद जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे धरला. ओळीवर ओळ चढली होती, अक्षरांच्या अंगावर अक्षरं पडली होती, एक वाक्य तर समासातून बाहेर जाऊन परत आलंच नव्हतं. पाच मिनिटांनी त्यांना 'शनी' एवढा शब्द लागला. तोही अंदाजाने.

"काय लिव्हलंय, सर?"

मास्तरांनी कागद उलटा धरून बघितला.

"मलाबी तेवढंच लागलं हुतं," दिपाली म्हणाली. तिने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, तिसरा भाग लिहिताना तेवढा चष्मा काढून ठेवाल का?"