चौथा प्रश्न

प्रियदर्शनीनं प्रोजेक्टरची वायर जोडली आणि भिंतीवर निळा चौकोन उमटला. मागच्या खुर्चीवर कौशल्याबाई घड्याळ घेऊन बसल्या होत्या. बी.एड.च्या पाठांना गुण त्याच देत.

"पडदा आला की शिक्षक त्याच्यामागे लपतो," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. "लपायचं नाही. ज्याचा फोटो दाखवाल त्याला आधी विचारायचं. आणि वर्गातून प्रश्न आला की खरं उत्तर द्यायचं. थापा मारायला इंटरनेट आहेच."

प्रियदर्शनीला तर लपायचंच होतं. पुसदहून पुण्यात येऊन तिला दोन महिने झाले होते. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून 'कशाला'ऐवजी "कायले?" निघालं, कॉलेजात खसखस पिकली आणि तिनं तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. हडपसरच्या वसतिगृहात तिच्या खोलीत नम्रता राहायची. पण तीही त्या दिवशी हसली होती, आणि आता तिच्या कानात सदानकदा मोबाईलची वायर असायची. खोलीत आवाज काय तो पंख्याचा. इतक्या माणसांत राहून इतकं एकटं वाटतं, हे प्रियदर्शनीला पुण्यानं शिकवलं.

तिच्या पर्समध्ये आज संध्याकाळच्या सहाच्या गाडीचं तिकीट होतं. पाठ उरकायचा, बॅग उचलायची आणि परत यायचं नाही. घरीसुद्धा तिनं हे कळवलं नव्हतं.

तिनं फळ्यावर लिहिलं, 'इयत्ता पाचवी. आपली घरं.' पट जेमतेम दहाचा. उंचाड्या शहाबाजचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

"बाई, पाणी प्यायला जाऊ?" गुलजारनं सुरुवातीलाच हात वर केला.

"मधल्या सुट्टीत."

वर्ग खुदखुदला. तिनं बटण दाबलं. भिंतीवर एक मातीचं घर आलं. उंबऱ्यात एक बाई सुपात तूर निवडत बसली होती.

"बाई, हे कुणाचं घर?" जिनतनं विचारलं.

"माझं. ही माझी आई."

"फोटो दाखवू का, असं विचारलंत त्यांना?" हा शहाबाज.

"विचारलं ना. म्हणाली, दाखव वं, पण घर सारवल्यावर काढजो फोटो."

सगळे हसले. या वेळी मात्र ते हसू तिला बोचलं नाही.

मग शेवटच्या बाकावरून दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्हाला इथे करमतं का?"

प्रियदर्शनीचं बोट बटणावरच राहिलं. पाठाच्या टाचणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढचं चित्र तयार होतं, हडपसरच्या नव्या इमारतींचं. एकदा दाबलं की सुटका होती.

तिनं प्रोजेक्टर बंद केला.

"नाही करमत," ती म्हणाली. "जेवताना समोर कुणी नसतं. मागच्या आठवड्यात ताप आला, तर हाक कुणाला मारायची तेच कळेना. आज सहाच्या गाडीनं मी चाललेय."

तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

कौशल्याबाईंनी खुर्चीचा हात वाजवला. "सहा मिनिटं झाली. पाचवी सुटली, आता पुन्हा बी.एड.ला या."

शहाबाजनं बाकातून पाय सोडवले आणि बाईकची किल्ली उचलली. गुलजार मिशीवरून हात फिरवत खाली बघत राहिला. प्रियदर्शनीच्या वर्गमित्रांपैकी कुणाचीच मान वर होईना.

"विद्यार्थी झालेल्यांसाठी मी प्रश्नांच्या तीनच चिठ्ठ्या दिल्या होत्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "चौथी कुणाकडे आहे?"

शेवटच्या बाकावर नम्रता उभी राहिली. कानातली वायर तिनं मुठीत गुंडाळली होती.

"चिठ्ठी नाहीये, मॅडम. दोन महिने मलाच विचारायचं होतं."