घरच्यांना लाभ नाही

घरी पडून असलेल्या रुग्णांना नानांची संस्था डोकं वर करता येणारे पलंग फुकट वापरायला देत असे. नाना वीस वर्षं तिचे विश्वस्त. कागदपत्रं इतकी चोख, की तपासायला आलेला माणूस चहा पिऊनच परत जायचा.

मग नानांच्या बायकोनेच अंथरूण धरलं. आडवी झाली की तिला धाप लागायची. गोदामात चार पलंग रिकामे होते, पण संस्थेच्या वकिलांनी मान हलवली. "नाना, विश्वस्ताच्या घरच्यांना लाभ दिला, तर संस्थेची नोंदणी जाईल. आधी राजीनामा द्या, तो सरकारदफ्तरी मंजूर होऊ द्या, मग खुशाल न्या."

नानांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मंजुरी येईपर्यंत पाठीशी उशा रचून ते तिला टेकवून बसवत. तिची जीभ मात्र शाबूत होती. "वीस वर्षं जगाला पलंग वाटलेत, आणि बायकोला उशा!"

"अगं, येईल आठवड्याभरात मंजुरी," नाना दर आठवड्याला सांगत.

मंजुरी पाचव्या महिन्यात आली. पत्र घेऊन वकील स्वतः घरी आले. सोबत एक कोरा फॉर्मही होता. "नाना, परत विश्वस्त व्हा. तुमच्याशिवाय फायली आवरत नाहीत. आणि आता... आता नियमाची अडचणही राहिली नाही."

चष्मा पुसून नानांनी फॉर्म भरायला घेतला.



'कुटुंबातील इतर व्यक्ती' या रकान्यात त्यांनी लिहिलं, "कोणी नाही."